हळू चालायचा गिअर

"हळूच जायचंय ना तुला? मग हळू चालव. त्याला नवे गिअर कशाला लागतात?"

आईचा हा प्रश्न मी त्या रविवारी हसण्यावारी नेला. जेवणाच्या टेबलावर जुना पेपर अंथरून मी दातचाकं मांडून बसलो होतो, तिला पोह्यांच्या बश्या ठेवायला जागा उरली नव्हती आणि गिअर तेलाचा वास पोह्यांवरच्या जीरावन मसाल्यावर मात करत होता. रात्री अंथरुणावर पडल्यावर जाणवलं, की इतका नेमका प्रश्न मला आजवर कुणीच विचारलेला नाही. आमचं इंदूरचं चार-पाच मारुती जिप्सीवाल्यांचं टोळकं आहे. टायर किती इंची, विंच कुठली, दिवे किती लांब फेकतात यावर आम्ही छप्पनच्या (इथल्या 'छप्पन दुकान' खाऊगल्लीच्या) बाकांवर तासन्‌तास बोलतो. गाडी हळू का चालत नाही, हे कधी कुणाच्या तोंडून ऐकलं नाही. तर आता सविस्तर उत्तर देतो.

खंडवा रोडने सिमरोल मागे टाकलं की माळव्याचं पठार संपत येतं आणि रस्ता विंध्याच्या उतारावरून नर्मदेच्या खोऱ्याकडे उतरू लागतो. चोरल नदी याच डोंगरातली, पुढे नर्मदेला मिळणारी. उन्हाळ्यात पात्र बरंचसं कोरडं असतं आणि तळाशी काळा पाषाण उघडा पडतो. सह्याद्रीत आहे तोच हा लाव्ह्याचा बेसॉल्ट. पाण्याने घासून गुळगुळीत झालेले धोंडे, काही मडक्याएवढे, काही बॉनेटएवढे.

अशाच एका मे महिन्यात मी तिथे माझ्या जिप्सीचा क्लच जाळला. गाडीला नुकतेच ३१ इंची टायर चढवले होते आणि त्या आनंदात मी गुडघ्याएवढ्या धोंड्यासमोर उभा होतो. फोर-लो टाकला (चारही चाकांना जोर, तोही हळू गिअरमधून), पहिला गिअर टाकला, क्लच पूर्ण सोडला, की इंजिन बंद. जरा जास्त रेस दिली की पुढचं चाक धोंड्यावरून उडी मारून पलीकडे धाडकन आदळायचं. मग मी तेच केलं जे सगळे करतात, अर्धा क्लच दाबून गाडी वर रेटत राहिलो. पाचव्या प्रयत्नात वास आला. उदबत्ती आणि जळकी चप्पल यांच्या मधला कुठलातरी वास. त्यानंतर इंजिन नुसतं ओरडत राहिलं आणि गाडी जागची हलेना. शेवटी जवळच्या गावातल्या ट्रॅक्टरने ओढून काढली.

गॅरेजमध्ये उस्तादांनी गिअरबॉक्स उतरवून प्रेशर प्लेट माझ्यापुढे धरली. लोखंड निळं पडलं होतं, क्लच प्लेटचे रिव्हेट उघडे. "भाऊ साहब," ते म्हणाले, "गाड़ी चला रहे थे या पापड़ सेंक रहे थे?"

तीन आकड्यांचा गुणाकार

गॅरेजमध्ये इंजिन उचलायला चेन-कप्पी असते. साखळी हातभर ओढली की इंजिन बोटभर वर येतं. ओढणाऱ्याला जोर कमी लागतो, पण साखळी ओढावी खूप लागते. गिअर हाच व्यवहार करतात. इंजिनने खूप फेरे मारायचे, चाकाने थोडे, आणि जितके फेरे कमी झाले तितक्या पटीने चाकाचा पीळ, म्हणजे टॉर्क, वाढतो. (थोडा घर्षणात वाया जातो. तो इथे सोडून देऊ.)

चारही चाकांना जोर देणाऱ्या गाडीत हा व्यवहार तीन ठिकाणी होतो. आधी गिअरबॉक्स. मग ट्रान्स्फर केस, जी पुढच्या आणि मागच्या एक्सलला (चाकांच्या जोडीला फिरवणाऱ्या दांड्याला) जोर वाटून देते आणि जिच्यात हाय आणि लो असे दोन गिअर असतात. शेवटी एक्सलमधली दोन दातचाकं, मोठं क्राउन आणि छोटं पिनियन. तिन्हींचे आकडे एकमेकांशी गुणले की क्रॉल रेशो निघतो. चाकाचा एक फेरा होण्यासाठी इंजिनचे किती फेरे लागतात, एवढंच तो सांगतो.

जिप्सी आपल्याकडे १९८५ साली आली. तिचं अमेरिकेत विकलं गेलेलं भावंड म्हणजे सामुराई. हिशेबाला मी सामुराईचे आकडे घेतो, कारण जगभरचे गिअरसेट बनवणारे तेच धरून चालतात. पहिला गिअर ३.६५२, ट्रान्स्फर केसचा लो २.२६८, एक्सल ३.७२७. गुणाकार ३०.९. म्हणजे इंजिन जवळजवळ एकतीस वेळा फिरलं की चाक एकदा फिरतं.

तुमच्या गाडीचा एक्सल वेगळा असू शकतो, त्यामुळे कागदावर विसंबण्यापेक्षा मोजून घ्या. याला फक्त जॅक आणि खडू लागतो. गाडी टू-व्हीलमध्ये ठेवून न्यूट्रल करा, पुढच्या चाकांना दगड लावा आणि मागचं एकच चाक उचला. टायरवर एक रेघ मारा आणि मागच्या प्रोपेलर शाफ्टवर, म्हणजे ट्रान्स्फर केसकडून एक्सलकडे जोर नेणाऱ्या लांब दांड्यावर, एक. आता उचललेलं चाक हाताने बरोबर दोन फेरे फिरवा आणि शाफ्टचे फेरे मोजा. दोन फेरे अशासाठी, की दुसरं चाक जमिनीवर अडलेलं असताना डिफरन्शिअलमुळे (एक्सलच्या दोन चाकांना वेगवेगळ्या गतीने फिरू देणाऱ्या गिअरमुळे) मोकळं चाक दुप्पट फिरतं. शाफ्ट पावणेचारच्या आसपास फिरला तर तुमचा एक्सल ३.७ चा. मी हे पहिल्यांदा केलं तेव्हा एकच फेरा फिरवला, उत्तर दोनच्या खाली आलं आणि अर्धा तास वाटत राहिलं की जुन्या मालकाने काहीतरी भलतंच बसवलंय.

आता या आकड्याचा वेग काढू. इंजिन आयडलला, म्हणजे ॲक्सिलरेटर न दाबता, मिनिटाला ८०० फेरे घेतं असं धरा. भागिले ३०.९, म्हणजे चाकाचे मिनिटाला २६ फेरे. २८ इंची टायरचा घेर सव्वादोन मीटरच्या जवळपास, म्हणून वेग ताशी साडेतीन किलोमीटर. ३१ इंची टायर घातला की घेर जवळपास अडीच मीटर होतो आणि तोच वेग ३.८ वर जातो. माणूस यापेक्षा थोडंच जास्त चालतो. कागदावर हे बऱ्यापैकी हळू वाटतं. मग चोरलमध्ये माझं काय चुकलं?

हळू जाता येणं आणि हळू चढता येणं

सगळी गोम इथे आहे, आणि आईच्या प्रश्नाचं उत्तरही.

माणसं आणि सामान धरून माझी गाडी १,३०० किलोची समजू आणि धोंड्यावरचा चढ ३० अंशांचा. एवढं वजन त्या चढावर नुसतं धरून ठेवायला साधारण ६,४०० न्यूटनचा जोर लागतो. ३१ इंची टायरची त्रिज्या ३९ सेंटीमीटर, म्हणजे चारही चाकांवर मिळून जवळपास २,५०० न्यूटन-मीटर पीळ हवा. जिप्सीच्या १.३ लिटरच्या इंजेक्शनवाल्या इंजिनचा कमाल टॉर्क १०३ न्यूटन-मीटर आहे, पण तो मिळतो ४,५०० फेऱ्यांना. आयडलला ते कितीतरी कमी देतं. आपण ६० धरू. त्याला ३०.९ ने गुणलं की १,८५०. पाहिजेत २,५००. म्हणून इंजिन मरतं.

पाहिजे तेवढा पीळ काढायला इंजिन ८० न्यूटन-मीटरपर्यंत न्यावं लागेल. समजा त्यासाठी २,५०० फेरे लागले. तेवढ्या फेऱ्यांना क्लच पूर्ण सोडलेला असेल तर गाडीचा वेग होतो ताशी १२ किलोमीटर. गुडघ्याएवढ्या धोंड्यावर १२ च्या वेगाने गेलं की चाक उडतं, खाली येताना एक्सल आदळतो आणि कधी तेलाचा चेंबर फुटतो. धोंड्याला २ चा वेग हवा आणि इंजिनला १२ चा. मधली तफावत कुणीतरी सोसायला हवी, आणि ती क्लच प्लेट सोसते, घसरून. त्या घसरण्यात इंजिनची बरीचशी ताकद उष्णता होऊन जाते. पापड भाजला जातो तो असा.

म्हणजे "हळू चालव" हे आईचं म्हणणं सपाट रस्त्यावर खरं आहे. चढावर गाडीला हळू आणि जोरात अशा दोन्ही गोष्टी एकाच वेळी कराव्या लागतात आणि कंपनीच्या गिअरमध्ये त्या दोन्ही एकत्र बसत नाहीत.

ट्रान्स्फर केसच्या लोमध्ये २.२६८ ऐवजी ४.१६ चे गिअर घातले की क्रॉल रेशो ५६.६ होतो. आयडलच्या त्याच ६० ला ५६.६ ने गुणा, ३,४०० येतात. क्लच पूर्ण सोडून, ॲक्सिलरेटरला पायही न लावता गाडी तो चढ चढते, ताशी २.१ किलोमीटरने. सेकंदाला ५८ सेंटीमीटर. तेवढ्या वेळात पुढचं डावं चाक कुठे टेकतंय ते खिडकीतून वाकून बघता येतं, स्टीअरिंग दोन बोटं वळवता येतं, खाली उभ्या माणसाचा हात दिसतो.

आणखी एक मौज. कोरड्या दगडावर टायरची पकड वजनाच्या ०.७ पट धरली तर ही चारही चाकं मिळून फार तर ३,५०० न्यूटन-मीटर जमिनीला देऊ शकतात. त्यापुढे ती जागीच फिरतील. म्हणजे ५६.६ च्या रेशोने आयडललाच आपण पकडीच्या हद्दीपर्यंत पोहोचलो. म्हणून मोठं इंजिन घालण्याची हौस मला दगडांपुरती तरी कळत नाही. टायर जेवढं देऊ शकतो तेवढं छोटं इंजिनही देतं, फक्त त्याला योग्य पटीत गुणलं पाहिजे.

उताराची गोष्ट चढापेक्षा महत्त्वाची आहे आणि तिच्याबद्दल सगळ्यात कमी बोललं जातं. उतरताना गाडीला इंजिनच धरून ठेवतं, उलट्या दिशेने. रेशो जितका मोठा तितकी ही धरून ठेवण्याची ताकद जास्त. ३०.९ ला चोरलच्या काठावरून खाली येताना मला सतत ब्रेकवर पाय ठेवावा लागे. ओल्या दगडावर ब्रेक लागला की चाक लॉक होतं, लॉक झालेलं चाक वळत नाही, आणि गाडी ज्या दिशेला तिची मर्जी त्या दिशेला सरकते. मोठ्या रेशोमध्ये चाक फिरत राहतं आणि फिरणारं चाक वळवता येतं. हा फरक पहिल्यांदा अनुभवला तेव्हा मी ब्रेकवरून पाय पूर्ण उचलून मांडी घालून बसावं असा विचार केला होता. घातली नाही. शेजारी बायको होती.

बदलायचं कुठे

तीन आकड्यांपैकी कुठलाही वाढवला तरी गुणाकार तेवढाच वाढतो, पण खिशाला आणि रोजच्या वापराला तिन्ही सारखे नाहीत.

पहिला गिअर वाढवायचा तर गिअरबॉक्सच बदलावा लागतो. अमेरिकेत जुन्या ट्रकांचे चार गिअरवाले बॉक्स यासाठी प्रसिद्ध आहेत. शेव्हरलेच्या ट्रकांमधल्या एका बॉक्सचा पहिला गिअर ६.५५ चा आहे. तो जिप्सीत बसवणं म्हणजे बोळात हत्ती बांधणं.

एक्सल बदलता येतो. जुन्या विलीज जीपमध्ये हेच मूळचं होतं. महिंद्रांनी १९४७ पासून ज्या विलीज जीपा जोडायला घेतल्या, त्यांच्यात पुढे ५.३८ चे एक्सल रूढ झाले. क्राउनला ४३ दात, पिनियनला ८. पहिला गिअर २.८ चा आणि लो अडीचच्या जरा खाली असूनही या एक्सलमुळे त्या जीपांचा क्रॉल रेशो ३६-३७ पर्यंत जायचा. तीनच गिअरच्या गाड्या, पण डोंगरात बेधडक जायच्या, त्याचं कारण हेच. मात्र एक्सलचा आकडा चोवीस तास लागू असतो. ५.३८ ने एबी रोडवर (आग्रा-मुंबई महामार्गावर) ८० च्या वेगाला इंजिन किंचाळतं. पुढचा आणि मागचा एक्सल एकाच आकड्याचे असावे लागतात, नाहीतर फोर-व्हील टाकल्याबरोबर ते एकमेकांशी भांडतात. शिवाय आकडा वाढवला की पिनियनचे दात कमी होतात आणि पिनियन बारीक होतो, म्हणजे कमजोर. एक्सलला मी एकच काम देईन, मोठ्या टायरमुळे गेलेला जोर परत आणणं. २८ चे ३१ केले तर ३.७२७ चे ४.१ करा, गाडी पहिल्यासारखी होते. त्याहून जास्त अपेक्षा नको.

राहिली ट्रान्स्फर केस. तिचा लो फक्त लिव्हर ओढल्यावर लागतो, रस्त्यावर तो झोपलेला असतो. म्हणून दगडांसाठी बदल करायची खरी जागा हीच. गाड्या बनवणाऱ्यांनाही हे पटलेलं दिसतं. जीप रँग्लरच्या रुबिकॉन मॉडेलला २००३ पासून ४ चा लो मिळतो, आणि हल्लीच्या आठ गिअरच्या ऑटोमॅटिक रुबिकॉनमध्ये ४.७१ गुणिले ४ गुणिले ४.१० असे ७७ होतात.

जिप्सीचं नशीब असं, की तिची ट्रान्स्फर केस गिअरबॉक्सला चिकटलेली नाही. ती वेगळी लटकते आणि मधे एक छोटा शाफ्ट आहे. बहुतेक गाड्यांत लो बदलायचा म्हणजे गिअरबॉक्सची पाठ उघडावी लागते किंवा दोन ट्रान्स्फर केस एकामागे एक जोडाव्या लागतात. जोडल्या की मागचा प्रोपेलर शाफ्ट आखूड होतो, त्याचा कोन वाढतो, त्याच्या टोकांचे जॉइंट-क्रॉस थरथरतात. जिप्सीची ट्रान्स्फर केसची डबी मात्र तीन माउंट सोडवले, शाफ्ट सुटे केले की दोन माणसं हाताने उतरवतात. आतले गिअर बदला, परत टांगा. बाहेरून काहीच फरक दिसत नाही.

सेट मागवताना ४.१६ आणि ६.५ असे पर्याय दिसतात. ६.५ ने क्रॉल रेशो ८८ च्या पुढे जातो आणि ३१ इंची टायरवर वेग १.३ किलोमीटर. मी ४.१६ घेतला आणि अजून तरी पस्तावलो नाही. एक गोष्ट आधी विचारून घ्या. काही सेट लोबरोबर हायचा आकडाही बदलतात. जिप्सीचा हाय मुळातच १ चा नाही, १.४०९ चा आहे. तो आणखी वाढला तर हायवेवर पाचव्या गिअरलाही इंजिन धापा टाकेल. माझ्या पहिल्या विक्रेत्याने ही गोष्ट सांगितलीच नाही आणि चुकीचा सेट परत करण्यात दोन महिने गेले.

लो वाढला की काय तुटतं

साखळी नेहमी सगळ्यात बारीक कडीला तुटते. तुम्ही जोर दुपटीच्या जवळ नेलात, बाकीच्या कड्या त्याच राहिल्या.

पहिला बळी लटकणारी डबीच. गिअर जितका जास्त पीळ वाढवतो, तितक्या जास्त जोराने डबी स्वतः उलट्या दिशेला वळायला बघते. तिला फक्त ते तीन माउंट आणि त्यांचे रबर धरून असतात. जुने रबर फाटतात, मग आतला छोटा शाफ्ट तिरका होतो, मग लिव्हर आपोआप लोमधून निसटतो आणि माणूस गिअरला शिव्या देतो. माउंटचे रबर सेटबरोबरच बदला, वाट बघू नका.

त्यानंतर पुढचे जॉइंट. पुढच्या चाकांना वळताही येतं आणि जोरही लागतो, त्यामुळे तिथे गोळ्यांचा जॉइंट असतो. स्टीअरिंग टोकापर्यंत वळलेलं, चाक दोन दगडांत अडकलेलं, आणि अशात ॲक्सिलरेटर दाबला, की टक्‌ असा आवाज येतो. तो एकदा ऐकलेला माणूस विसरत नाही. जोर भरपूर असला की दाबायची गरज कमी होते, म्हणून मोठ्या रेशोने खरं तर जॉइंट वाचायला हवा. आमच्यातल्या एकाने मात्र नवा गिअर बसवल्यावर पहिल्याच दिवशी दोन्ही बाजूचे तोडले. त्याला जुनी सवय, हातात जोर आलाय हे पायाला कळायला वेळ लागला.

लॉकरबद्दल, म्हणजे एक्सलची दोन्ही चाकं एकत्र फिरवायला डिफरन्शिअल जखडणाऱ्या जुगाडाबद्दल, एवढंच. साध्या डिफरन्शिअलमध्ये एक चाक हवेत गेलं की दुसऱ्यालाही तेवढाच जोर मिळतो जेवढा हवेतलं चाक घेतं, म्हणजे जवळपास शून्य. गिअरने ते बदलत नाही. पैसे एकाच गोष्टीपुरते असतील तर मी आधी लो गिअर घेईन, कारण तो प्रत्येक दगडावर उपयोगी पडतो, लॉकर काही दगडांवर. पण यावर आमच्यात छप्पनवर दोन वेळा अबोला झालेला आहे.

काळ्या मातीत उपयोग नाही

पावसाळ्यात माळव्याची काळी माती टायरला अशी चिकटते की खाचा भरून टायर गुळगुळीत होतो. ती झटकायला चाक वेगाने फिरावं लागतं. अशा वेळी लोचा पहिला गिअर लावून बसलं की चाक हळूहळू फिरतं आणि हळूहळू स्वतःची विहीर खणतं. लोचा दुसरा किंवा तिसरा लावा, नाहीतर सरळ हायमध्ये जा. नर्मदेच्या वाळूतही तेच. मोठा रेशो म्हणजे सगळीकडे चालणारी किल्ली असं समजणाऱ्यांना मी जुलैमध्ये महूच्या शेतांकडे घेऊन जातो.

ऑटोमॅटिक गाडी असेल तर गणित थोडं वेगळं होतं. तिथे क्लच प्लेटच्या जागी टॉर्क कन्व्हर्टर असतो, तेलातून जोर पुढे देतो आणि गाडी जवळजवळ थांबलेली असताना तो जोर साधारण दुप्पट करतो. त्यामुळे लहान रेशोही निभतो आणि इंजिन मरत नाही. पण तो दुप्पट करतो तो घसरून, आणि घसरणं म्हणजे पुन्हा उष्णता, या वेळी तेलात. दगडांवर जाणाऱ्या ऑटोमॅटिकला गिअर बदलण्याआधी तेलाचा वेगळा कूलर आणि तापमानाचा काटा हवा. उतारावर इंजिनची धरून ठेवण्याची ताकद मॅन्युअलइतकी मिळत नाही, ही तक्रार राहतेच.

कागदपत्रांचं एक सांगायला हवं. मोटार वाहन कायदा १९८८ चं कलम ५२ गाडीत मूळ तपशिलाशी न जुळणारे बदल करायला मनाई करतं आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही ते उचलून धरलं. डबीतले गिअर बाहेरून दिसत नाहीत, पण अपघातानंतर विमा कंपनीचा माणूस गाडी उघडू शकतो. मोठे टायर तर रस्त्यावरच दिसतात. आपली गाडी रोज ऑफिसला न्यायची की फक्त दगडांवर, हे पैसे खर्च करायच्या आधी ठरवा आणि परिवहन कार्यालयात विचारून घ्या. नदीपात्र वनखात्याच्या हद्दीत येतं का, हेही.

बसवण्याचा दिवस उस्तादांचा. मी दिवा धरला. जुने गिअर निघाले तेव्हा त्यांच्या दातांवर चमकदार पट्टा होता, मधोमध, एकसारखा. उस्तादांनी तो बोटाने दाखवला, म्हणाले, हा असाच नव्यावर आला पाहिजे. प्रत्येक शाफ्ट बसवून ते बेअरिंगमधली ढिलाई हाताने बघत, एक पातळ शिम (जागा भरणारी चकती) काढत, दुसरी घालत, पुन्हा फिरवत. दुपारभर एवढंच. मी घाई केली तेव्हा त्यांनी मला चहा आणायला पाठवलं, आणि परत आलो तर ते त्याच शिमपाशी होते. माझ्या मते सेटच्या किमतीइतकंच महत्त्व या दुपारीला आहे. ढिले बेअरिंग जोराखाली सरकतं, गिअर एकमेकांपासून लांब जातात, दात टोकावर घासतात आणि दोन सहलींत खडखड सुरू होते.

डबी बसवल्यानंतर पहिले ५०० किलोमीटर मी गाडी गुपचूप शहरात फिरवली, मधे मधे रिकाम्या मैदानात लो लावून. इंदूरहून थोड्याच अंतरावर पीथमपूरला नॅट्रॅक्सचा ११.३ किलोमीटरचा वेगाच्या चाचणीचा ट्रॅक आहे, तिथे गाड्या वाऱ्यासारख्या धावतात, आणि मी इथे मैदानात बैलगाडीला वाट देत होतो. मग तेल काढलं. निचऱ्याच्या बोल्टाला मी मुद्दाम चुंबकवाला घेतला होता. त्याच्या टोकावर काळपट, लोण्यासारखा मऊ गाळ जमला होता. उस्तादांनी तो अंगठा आणि तर्जनीत चोळला, उजेडाकडे धरला. कण टोचला असता तर डबी पुन्हा उघडावी लागली असती. टोचला नाही. त्यांनी हात पुसले, नवं तेल ओतायला घेतलं आणि मला विचारलं, आई येणार आहेत का चोरलला या वेळी.

आई आली. धोंड्यांच्या त्या टप्प्यात ती गाडीतून उतरली, कारण आत बसून हिंदकळण्यापेक्षा पायी बरं म्हणाली, आणि पदर खोचून जिप्सीच्या बाजूने चालत राहिली. मधे एकदा मागे वळून बघितलं तिने, आम्ही किती मागे राहिलो ते.